गेज लावण्याआधी: दौलतगंजातल्या एका एसीची तपासणी

ग्वाल्हेरात मे महिन्यात एसीबद्दल फोन आला की तक्रारीबरोबर निदानही येतं: गार करत नाही, गॅस संपलाय. दौलतगंजातल्या या घरी तर निदान कागदावरच होतं. आदल्या मेकॅनिकनं दिलेल्या चिठ्ठीवर ‘गैस कम, ९५’ एवढंच लिहिलेलं, आणि गॅस भरायचं ठरलेलंही होतं. काकूंनी म्हटलं, भरण्याआधी आणखी कोणीतरी बघू दे. म्हणून मशीन कोणी हात न लावलेल्या अवस्थेत तपासायला मिळालं.

९५ हा आकडा खोटा नव्हता. आर-३२ गॅसच्या चालू एसीत जाड नळीवरचा दाब साधारण ११५ ते १४० पीएसआय (दाबाचं एकक) असायला हवा, त्या मानानं ९५ कमीच. पण हा दाब फक्त गॅस किती आहे हे सांगत नाही. आतल्या कॉइलवरून, म्हणजे गार होणाऱ्या नळ्या-पट्ट्यांवरून, हवा किती फिरते आणि ती किती गरम आहे, यावरही तो ठरतो. हवा कमी पडली तर गॅस पुरेसा असूनही दाब उतरतो. अशा वेळी गॅस भरला तर काटा वर येतो, सगळ्यांचं समाधान होतं, आणि पुढे कधीतरी कॉइल धुतली की तेच मशीन जास्त गॅसवर धापा टाकायला लागतं. म्हणून गेज, म्हणजे दाब मोजायचा काटा, सगळ्यात शेवटी.

मशीन दीड टनी स्प्लिट, इन्व्हर्टर नसलेलं म्हणजे कॉम्प्रेसर एकाच वेगानं चालवणारं, आर-३२ वरचं, सहावा उन्हाळा. खोली १२ बाय १४ फूट, वरच्या मजल्यावर, छत दगडी पटियांचं (लांब फरश्यांचं) आणि चांगलं तेरा फूट उंच. खिडकीत कूलर बसवलेला. तो एसी असूनही काढलेला नाही, कारण लाइट गेले की इन्व्हर्टर-बॅटरीवर कूलर चालतो, एसी चालत नाही. ही सोय ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरोघरी आहे आणि या प्रकरणात तिचा वाटा मोठा निघाला.

आधी पेचकस नाही, प्रश्न. कधीपासून? एकाएकी की हळूहळू? दिवसाच्या कोणत्या वेळी? ज्या मशीनचा कॉम्प्रेसर बसतो किंवा ज्याचा गॅस नळी तुटून एकदम जातो, ते आज चालतं आणि उद्या चालत नाही. हळूहळू बिघडणारं मशीन बहुधा मळलेलं असतं किंवा बारीक गळत असतं. इथे उत्तर असं मिळालं: गेल्या वर्षीपासून थोडंथोडं कमी, यंदा फारच कमी. सकाळी अकरापर्यंत बरं चालतं, दुपारी बाहेरचं मशीन मधेच बंद पडतं नि अर्ध्या तासानं पुन्हा सुरू होतं. संध्याकाळी आतून वारा येईनासा होतो, मग मशीन बंद केलं की पाणी गळतं. या तीन वाक्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वारा येईनासा होऊन नंतर पाणी गळणं म्हणजे कॉइलवर बर्फ. दुपारी बंद पडून अर्ध्या तासानं चालू होणं म्हणजे कॉम्प्रेसरचं ओव्हरलोड, तो फार तापला की वीज तोडणारा खटका. वर्षभर हळूहळू कमी होणं म्हणजे मळ. गॅस यात कुठे असेलच तर सगळ्यात मागे.

रिमोट बघून घेतला. ‘कूल’वरच होता. ‘ड्राय’वर पडलेला रिमोट हे सुद्धा एक कारण असतं आणि त्याचेही फोन येतात. सेटिंग १६ वर होतं. साध्या मशीनमध्ये १६ ठेवल्यानं थंडावा लवकर येत नाही. कॉम्प्रेसर २४ लाही तितक्याच जोरानं चालतो, फक्त १६ वर थांबत नाही. बर्फ धरणाऱ्या मशीनला तर न थांबणं हेच बाधतं. १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगच्या एसीत मूळ सेटिंग २४ ठेवणं बंधनकारक झालं आहे, पण पहिलं बटण दाबताच घरोघरी ते खाली येतं.

तपासणीसाठी बर्फ पूर्ण वितळलेला हवा. सकाळी पंखा हाय, सेटिंग १८, दारं बंद, वीस मिनिटं चालवून मग दोन ठिकाणी थर्मामीटर: एक वर, जिथून इनडोअर खोलीतली हवा ओढतं, आणि एक खाली, गार हवा बाहेर येते त्या झडपांत. वर ३२, खाली २३. फरक नऊ अंशांचा. ‘आठ ते बाराचा फरक म्हणजे ठीक’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो, आणि त्या नियमानं हे मशीन पास होतं. पण हा नियम दमट हवेतला आहे. जुलैत एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते, तेव्हा नऊ-दहाचा फरक चांगला. मेमध्ये लू (उष्ण वारे) चालू असताना हवा कोरडी असते, पाणी काढायचं फारसं नसतं, त्यामुळे फरक बारा-चौदापर्यंत जायला हवा. शिवाय वारा कमी असेल तर फरक आणखी वाढायला हवा, कारण थोडीच हवा कॉइलवर जास्त वेळ राहते. इथे वारा उघडच कमी होता. दीड टनी मशीन मिनिटाला साडेपाचशे-सहाशे घनफूट हवा फेकतं, सात-आठ फुटांवर उभं राहिलं तरी तोंडावर लागते. इथे चार फुटांवर संपत होती. कमी वारा आणि फरकही नऊच, म्हणजे मशीन निम्म्याच्या आसपास काम करत होतं.

(कोरड्या हवेचा आणखी एक घोळ सांगून ठेवतो. ‘पाइपातून पाणी येत नाही, म्हणजे गार करत नाही’ असं इथे फार जण म्हणतात. मेमध्ये पाणी थेंबथेंबच येणार. त्यावरून काही ठरवू नये.)

जाळी स्वच्छ होती. काकू दर पंधरा दिवसांनी धुतात आणि ते खरंच दिसत होतं. पण जाळी धुतली म्हणजे एसी धुतला असं नव्हे. ग्वाल्हेरची आंधी (धुळीचं वादळ) जी माती आणते ती पिठासारखी बारीक असते, जाळीतून निघून जाते. खालची झडप उघडून आत टॉर्च मारली आणि ब्लोअर बघितला. ब्लोअर म्हणजे तो लांब लाटण्यासारखा पंखा. त्याच्या पात्या आतून वळणदार असतात आणि हवा फेकायचं सगळं काम त्या वळणात होतं. प्रत्येक पातीच्या पोटात नमद्यासारखा मळ भरला होता. मोटर पूर्ण वेगानं फिरत होती, पण पात्या सपाट झाल्यामुळे हवा उचललीच जात नव्हती. आवाज तेवढाच, वारा अर्धा. नेमकं हेच घरच्यांना फसवतं.

धुण्याची पद्धत. एमसीबी (एसीच्या विजेचा खटका) खाली, नुसता रिमोट बंद करून चालत नाही. पुढचं कव्हर, जाळ्या काढायच्या. उजव्या बाजूला पीसीबीची (इलेक्ट्रॉनिक सर्किटची) पेटी असते, तिच्यावर प्लास्टिक घट्ट बांधायचं, जिथे वायर आत जाते तिथे विशेष. खाली धुलाईची पिशवी लावून तिचा पाइप बादलीत. कॉइलवर क्लीनर फवारून दहा मिनिटं थांबायचं. भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणीही चालतं, अॅसिड मात्र कधीच नाही, ते अॅल्युमिनियमच्या पट्ट्या खातं. मग जेट पंपाची धार पट्ट्यांच्या सरळ रेषेत, वरून खाली, हातभर लांबून. तिरकी किंवा जवळून मारली की पट्ट्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद. ब्लोअर हातानं थोडा थोडा फिरवत प्रत्येक पातीच्या पोटात धार. तो धारेनं गरागरा फिरू द्यायचा नाही, बेअरिंगला पाणी लागतं. पहिल्या दोन बादल्या कॉफीसारख्या निघाल्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं चालू ठेवायचं, क्लीनर आत राहिला तर तोच पुढे धूळ धरतो. शेवटी ड्रेनच्या ट्रेमधला चिखल काढून वरून एक लिटर पाणी ओतायचं आणि ते बाहेर तितक्याच वेगानं पडतंय का बघायचं. मग अर्धा-पाऊण तास वाळू देऊन नुसत्या पंख्यावर चालवायचं.

बर्फाचं कारण मात्र नुसता मळ नव्हता. बर्फ व्हायला पाणी लागतं, आणि इतक्या कोरड्या हवेत ते येतं कुठून? बैठकीत मोठा कूलर दिवसभर चालू आणि या खोलीचं दार उघडं. कूलरची ओली हवा आत येत होती, कॉइलवर तिचं पाणी होत होतं, आणि वारा कमी असल्यामुळे कॉइल शून्याखाली गेलेली, म्हणून तिथेच गोठत होतं. बर्फानं वारा आणखी अडायचा, कॉइल आणखी थंड व्हायची, पुन्हा बर्फ. संध्याकाळी गेज लावणाऱ्याला ९५ दिसणारच होतं, कारण आर-३२ चा ९५ पीएसआय म्हणजे कॉइल उणे दोन अंशांवर. काटा बर्फच सांगत होता, पण गॅस म्हणून वाचला गेला. कूलर आणि एसी यांचं जमत नाही: एक हवेत पाणी घालतो, दुसरा वीज खर्चून ते काढतो. दोन्ही ठेवायचे असतील तर मधलं दार बंद हवं.

दुसरा कूलर याच खोलीच्या खिडकीतला. तो बंद असला तरी खिडकी उघडीच. कूलरच्या वाळलेल्या गवताच्या पट्ट्यांतून दुपारची लू सरळ आत. उदबत्ती धरली तर धूर खोलीच्या आत वाकत होता. दीड बाय दीड फुटांचं ते भोक भरायला थर्माकोलची दोन इंची शीट आणि प्लायचा तुकडा पुरला, चार बिजागऱ्यांवर, म्हणजे लाइट गेले की उघडता येतो. या एका कामाची किंमत शंभर ग्रॅम गॅसपेक्षा जास्त आहे असं माझं मत.

आता बाहेरचं मशीन. मागच्या गल्लीकडल्या गॅलरीत, वर उन्हासाठी पत्र्याचं छप्पर, मागे भिंत जेमतेम दोन इंचांवर. आउटडोअर हवा मागून ओढतं आणि पुढे फेकतं. मागे निदान चार-सहा इंच आणि पुढे तीन-चार फूट मोकळी जागा लागते. पत्र्याच्या खाली पुढची गरम हवा अडून पुन्हा मागे जात होती. सावलीतलं तापमान ४४ असताना मशीनच्या पाठीमागे थर्मामीटरनं ५१ दाखवलं. एसीची पाटीवरची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. ४५-४६ लाच दीड टनी मशीन दहा-पंधरा टक्क्यांनी कमी पडतं, आणि या मशीनच्या वाट्याला ५१ होते. शेजारच्या कूलरचं पाणीही पट्ट्यांवर उडत होतं. बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरा थर. मागची कॉइल अर्धी पांढरी, अर्धी मातीनं लिंपलेली.

आउटडोअर धुताना वरचं झाकण काढायचं, म्हणजे धार आतून बाहेर मारता येते. बाहेरून मारलेली धार मळ आतच ढकलते. साधा बागेचा पाइप पुरतो. फॅन मोटर आणि वायरिंगच्या पेटीवर प्लास्टिक. पांढरा थर पूर्ण जात नाही, त्याच्या मागे लागून पट्ट्या मोडण्यापेक्षा राहू द्यावा. वाकलेल्या पट्ट्या फिन कंगव्यानं सरळ केल्या, हे काम कंटाळवाणं आहे पण हवेची वाट त्यानंच उघडते. जागेचा प्रश्न नशिबानं सोपा सुटला: बसवताना जास्तीच्या नळीचं वेटोळं मागे ठेवलेलं होतं, त्यामुळे नट न उघडता ब्रॅकेटवर मशीन आठ इंच पुढे घेता आलं. नळी हलवताना पाना लावायचा नाही, दोन्ही हातांनी मोठ्या वळणात सावकाश, नाहीतर तांबं दुमडतं. छपराचा पत्रा वरती सरकवला. सावली राहिली, हवा सुटली.

नळीवरचा काळा फोमही बघायचा असतो. आपल्याकडच्या उन्हात तो दोन-तीन उन्हाळ्यांत भुगा होतो. बहुतेक स्प्लिटमध्ये कॅपिलरी (गॅसचा दाब उतरवून त्याला थंड करणारी केसासारखी बारीक नळी) आउटडोअरमध्येच असते, म्हणजे आत जाणाऱ्या बारीक नळीतूनही थंडच गॅस जातो. दोन्ही नळ्यांवर फोम लागतो. फक्त जाड नळीवर लावणारे बरेच आहेत.

वीज. टाँग टेस्टर (वायरीला चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा मीटर) हे गेजपेक्षा आधी हातात घ्यायचं हत्यार, आणि या प्रकरणात खरं निदान त्यानंच केलं. धुण्याच्या आधी, दुपारी, कॉम्प्रेसर चालू असताना व्होल्टेज २०२, करंट ९.४ अँपिअर. पाटीवर लिहिलेला करंट ७.२. गॅस खरोखर कमी असला तर कॉम्प्रेसरला काम कमी पडतं आणि करंट उतरतो, दीड टनीचा पाच-साडेपाचवर येतो. इथे उलट चढलेला. चढलेला करंट म्हणजे बाहेर उष्णता निघत नाही, किंवा व्होल्टेज कमी, किंवा कॉम्प्रेसरला उचलायला नि चालायला मदत करणारा कॅपॅसिटर कमजोर. एवढ्यावरच चिठ्ठीतलं निदान पडलं, आणि त्यासाठी एक नटही उघडावा लागला नव्हता.

कॅपॅसिटर. एमसीबी बंद करून, पेटी उघडून, आधी त्याचे टोक २० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरनं जोडून रिकामे करायचे. पेचकसनं ठिणगी काढायची सवय वाईट. मग एक वायर सोडवून मीटर लावायचा. वर छापलेलं ४५ एमएफडी (मायक्रोफॅरड, कॅपॅसिटरचं माप), अधिक-उणे ५ टक्के, म्हणजे पावणेत्रेचाळीसच्या खाली जायला नको. मीटरवर ३७. पोट फुगलेलं नव्हतं, तेल आलेलं नव्हतं, बाहेरून नवाच वाटत होता. फुगला नाही म्हणून चांगला, असं मानता येत नाही. ज्यांना चालू मशीनवर हात घालायची सवय आहे ते न सोडवताही मोजू शकतात: कॅपॅसिटरच्या वायरचा करंट, गुणिले ३१८३, भागिले त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज. हा आकडा आपल्या ५० हर्ट्झ विजेसाठी आहे. परदेशी व्हिडिओत २६५२ सांगतात तो ६० हर्ट्झचा. घरच्या माणसानं मात्र ही भानगड करू नये, त्या टोकांमध्ये घरच्या विजेपेक्षा जास्त व्होल्टेज असतं.

कमजोर कॅपॅसिटर, कमी व्होल्टेज आणि ५१ अंशांची हवा, तिन्ही एकाच वेळी दुपारी जमत होते. कॉम्प्रेसर तापायचा, ओव्हरलोड तोडायचा, आणि कॉम्प्रेसरचं लोखंड गार होऊन पुन्हा जोडायला अर्धा तास लागायचा. पीसीबीचा तीन मिनिटांचा थांबा वेगळा, त्याच्याशी घोळ करू नये. नवा कॅपॅसिटर त्याच ४५ चा, ४४० व्होल्टचा घातला. ४५ मिळत नाही म्हणून ५० किंवा ६० घालणारे भेटतात. सुरुवातीला मशीन जोरात उचलतं, आणि जास्तीच्या करंटनं वाइंडिंग भाजत राहतं. कॉम्प्रेसरच्या वायरीचा एक लगही (टोकाची धातूची क्लिप) काळा पडलेला होता. तो कापून नवा दाबून बसवला, कारण सैल लग नव्या कॅपॅसिटरच्या फायद्यावर पाणी फिरवतो. फॅनचा छोटा कॅपॅसिटर २.५ चा, २.४ निघाला, राहू दिला.

स्टॅबिलायझर ४ केव्हीएचा होता, दीड टनीला पुरेसा. पण रात्री दहाच्या सुमारास गल्लीत व्होल्टेज १८० च्या खाली जातं आणि त्याची खालची मर्यादा १७०, म्हणजे काठावरच. जिथे १६० पर्यंत उतरतं तिथे १३०-१४० पासून काम करणारा घ्यावा लागतो. घेताना पेटीवरचं केव्हीए सगळे वाचतात, ही खालची मर्यादा कोणी वाचत नाही.

हे सगळं झाल्यावर गेज. आर-३२ च्या मशीनला ५/१६ इंची पोर्ट असतो, जुन्या आर-२२ च्या होजला अॅडॉप्टर लागतो. होजमधली हवा आधी काढून टाकायची. बाहेर ४४, कॉइल धुतलेली, पंखा हाय, दार बंद, वीस मिनिटांनंतर काटा १३५ वर. म्हणजे कॉइल साधारण आठ अंशांवर. जाड नळी व्हॉल्व्हपाशी गार आणि दमट, बारीक नळीवर बर्फाचा मागमूस नाही. करंट २१४ व्होल्टवर ८.१. झडपांत फरक १३ अंशांचा. गॅस एक ग्रॅमही घातला नाही.

गॅस खरोखर कमी असता तर चित्र वेगळं दिसलं असतं: करंट उतरलेला, बारीक नळीवर पांढरा बर्फ, जाड नळी कोमट, इनडोअर कॉइलचा थोडाच भाग गार आणि बाकी कोरडा, बाहेरच्या पंख्याची हवा फारशी गरम नाही. आणि तरीही लगेच भरायचं नाही. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही, बंद नळीत तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळला. ‘दर दोन वर्षांनी भरावाच लागतो’ हे धंद्याचं गणित आहे, मशीनचं नव्हे.

गळती शोधताना आधी डोळे. गॅसबरोबर तेल बाहेर येतं, त्यावर माती चिकटते, तिथे काळा ओला डाग दिसतो. पहिली जागा इनडोअरच्या मागचे आणि आउटडोअरवरचे फ्लेअर नट (नळ्या जोडणारे नट), दुसरी सर्व्हिस व्हॉल्व्हची (जिथे गेज लावतात त्या व्हॉल्व्हची) पिन आणि टोप्या, तिसरी आउटडोअरच्या आत नळी नळीला घासते ती जागा. तिथे काही नाही तर इनडोअर कॉइल. साबणाचा फेस लावून बघायचं. दिसलं नाही तर उरलेला गॅस काढून नायट्रोजन साडेतीनशे पीएसआयपर्यंत भरायचा आणि काटा तासभर तरी तसाच राहतो का बघायचं. सकाळी भरून दुपारी वाचला तर उन्हानंच दाब चढतो, हेही धरायचं. ऑक्सिजनचा सिलिंडर दाब बघायला कधीही लावायचा नाही. आतल्या तेलाशी तो भेटला की स्फोट होतो, आणि अशा स्फोटांत माणसं गेलेली आहेत. आर-३२ स्वतः मंद ज्वालाग्राही आहे, म्हणून नळी ज्योतीनं झाळण्याआधी मशीन पूर्ण रिकामं, खिडक्या उघड्या.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास, मायक्रॉन मीटरवर (आत किती हवा उरली ते दाखवणाऱ्या) ५०० च्या खाली, पंप बंद केल्यावर तिथेच टिकायला हवं. व्हॅक्यूमऐवजी थोडा गॅस सोडून हवा हाकलणं म्हणजे आत दमट हवा ठेवून झाकण लावणं. तेच पाणी पुढे तेलात आम्ल करतं. मग गॅस वजनकाट्यावर, आउटडोअरच्या पाटीवर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो तितकाच. नळी ठरल्यापेक्षा लांब असेल तर दर मीटरमागे किती घालायचा हे मॅन्युअलमध्ये असतं. मेकॅनिककडे काटा नसेल, तर दाब बघून भरलेल्या गॅसचे पैसे द्यायला माझी तरी ना आहे.

इन्व्हर्टर मशीन असतं तर मधली पायरी बदलली असती. त्यात कॉम्प्रेसरला हा कॅपॅसिटर नसतो आणि करंट सतत बदलत असतो, त्यामुळे ९.४ सारख्या एका आकड्यावरून काही ठरत नाही. आधी १६ वर आणि पंखा हाय ठेवून त्याला पूर्ण वेगाला आणावं लागतं, मगच मोजमाप. बाहेर फार तापलं की तो स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, म्हणून मळलेली बाहेरची कॉइल इन्व्हर्टरमध्ये बंद न पडता नुसती मंद पडते आणि कारण लवकर लक्षात येत नाही. इनडोअरवरचे लुकलुकणारे दिवे किंवा आकडे लिहून घ्यावेत, त्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा. बाहेरच्या पीसीबीवर मेलेली पाल सापडणं नवलाचं नाही. वीज बंद केल्यावरही त्या पीसीबीवर तीनशे व्होल्टच्या आसपास काही मिनिटं राहतात, पेटी लगेच उघडायची नाही.

खोलीपुरतं बोलायचं तर मशीन सुधारलं तरी वरच्या पटिया उरतातच. दिवसभर तापलेला दगड रात्री बारा-एकपर्यंत खाली उष्णता सोडतो, आणि छत तेरा फूट म्हणजे गार करायची हवा साध्या खोलीपेक्षा दीडपट. दुपारी तीनला मशीन लावून अर्ध्या तासात गारठा येईल ही अपेक्षा इथे चुकीची. अकराच्या आत लावून २५-२६ वर धरून ठेवलं आणि पंखा सगळ्यात कमी वेगावर फिरवला तर दुपार निभते. गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले, तेही पाऊस धुवून नेईपर्यंत पुरतात. काकूंनी विचारलं, मग पुढची धुलाई केव्हा? जाळी पंधरा दिवसांनी आहेच. प्रत्येक मोठ्या आंधीनंतर एमसीबी बंद करून आउटडोअरच्या पाठीवर साध्या पाइपानं पाणी, आणि ब्लोअरसकट पूर्ण धुलाई मार्चमध्ये. मे महिन्यात मेकॅनिक घाईत असतो, आणि घाईतल्या मेकॅनिकला गेज लावणंच सोपं पडतं.